मामांचे हात, ताशी चोवीस डॉलर

ॲडलेड
सोमवार, ३ मार्च १९८६

प्रिय रेनाटे,

सर्वप्रथम एक अत्यंत गंभीर बाब. माझ्या गाडीचा ॲशट्रे बंद होत नाही.

तुमच्या गॅरेजात गाडी सोडली तेव्हा तो बंद होत होता. परत आली तेव्हापासून तो भुकेल्या मुलासारखा तोंड उघडून बसलेला असतो. सिगरेट मी केव्हाच सोडली, म्हणून त्यात पेपरमिंटच्या गोळ्या ठेवतो. परवा वळणावर त्या सगळ्या माझ्या पायाशी सांडल्या. बावन्न वर्षांच्या, चार लोकांत वावरणाऱ्या, वर्तमानपत्रात दर शनिवारी इतरांच्या चुका काढणाऱ्या गृहस्थाला सिग्नलला वाकून, क्लचखालून पेपरमिंट वेचावी लागते. मागचा ट्रकवाला म्हणाला, "आजोबा, कवळी सापडली का?" या अपमानाची किंमत मी बिलातून वजा केलेली नाही. माझा मोठेपणा.

हे फोनवरच सांगितलं असतं. पण टेलिफोनवाल्यांनी माझा फोन कापला आहे. पोर्ट लिंकनला मी न केलेल्या एका कॉलचे चार डॉलर दहा सेंट मी भरत नाही, म्हणून. पोर्ट लिंकनमध्ये मी कुणालाही ओळखत नाही. ते म्हणतात भरा, मी म्हणतो सिद्ध करा. प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे. आणि तत्त्व संपेपर्यंत आपला व्यवहार टपालानं.

आता बिल. पुढच्या चाकांचे जुने ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवणे, शिवाय नवा क्लच. मजुरी एकतीस तास, ताशी चोवीस डॉलर, एकूण सातशे चव्वेचाळीस. रेनाटे, माझे शेजारी विमा कंपनीत अपघाताच्या गाड्या तपासतात. त्यांच्याकडे एक जाड पुस्तक आहे. कुठल्या गाडीच्या कुठल्या कामाला किती तास लागावेत ते त्यात छापलेलं असतं. त्या पुस्तकात तुमचे एकतीस तास सतरा भरतात. सतरा तासांचा चारशे आठचा चेक सोबत जोडला आहे.

तुला आठवत असेलच, गाडी सोडताना मी स्पष्ट बजावलं होतं: बेनोमामांचे हात हवेत, तुझे नकोत. माझ्या आईचा हा चुलतभाऊ पन्नास वर्षं पान्हा धरतोय. तो एकतीस तास रेंगाळणार नाही. मग रेंगाळलं कोण?

मामांना नमस्कार.

तुझा,
लोथार

---

रोझनबाख
शुक्रवार, ७ मार्च

लोथारदादा,

बिल पप्पांच्या नावाच्या कागदावर असलं तरी लिहिते मी. उत्तरही मीच देणार.

तुझ्या शेजाऱ्याच्या पुस्तकातली गाडी नवी असते. तिचा एकही बोल्ट गंजलेला नसतो आणि ती चोवीस वर्षं समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर उभी नसते. तुझ्या वडिलांची ती हिरवी गाडी तशीच उभी होती. तिचे बोल्ट आधी तेल पाजून, मग तापवून, मग शिव्या देऊन काढावे लागले. शिवाय त्या मॉडेलला कंपनीनं डिस्क ब्रेक कधी दिलेलेच नव्हते. ते बसवायला मधे जी लोखंडी पट्टी लागते ती बाजारात मिळत नाही. ती कापली, भोकं पाडली, घासून बसवली. याचे पाच तास धर. तुझ्या पुस्तकात पाहा, 'पट्टी हातानं बनवणे' असं पान नसेल.

सतरा आणि पाच, बावीस झाले. राहिले नऊ. त्यांचा हिशेब मी देणार नाही. द्यायचे असतील तर दे, नसतील तर नको देऊस.

एकच विनंती. गॅरेजच्या पत्त्यावर यापुढे लिहू नकोस. आलेलं सगळं टपाल पप्पा जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचतात. तुझं पत्र पोस्टमननं नेमकं माझ्या हातात दिलं म्हणून वाचले. यापुढे समोरच्या बेकरीवाल्या बाईकडे, फ्राऊ लिप्केकडे पाठव. ती मला देईल.

ॲशट्रेला आम्ही हात लावलेला नाही.

रेनाटे

---

ॲडलेड
सोमवार, १७ मार्च

रेनाटे,

'म्हणून वाचले' हे तुझे शब्द मी लाल पेन्सिलनं अधोरेखित करून ठेवले आहेत. हिशेब स्वच्छ असला की माणूस वाचत नाही, कारण त्याला कुणी मारायला येत नाही. आणि गॅरेजच्या मालकापासून गॅरेजचं पत्र लपवायला बेकरी लागते, हे माझ्यासारख्या संशयी माणसाला पुरेसं आहे.

गंज आणि पट्टी मान्य. पाच तासांचे पैसे देईन. पण त्या नऊ तासांनी माझी झोप उडवली. म्हणून गाडी मी हिंडमार्शमधल्या एका मिस्तरीकडे नेली. त्यानं ती वर चढवली, खाली दिवा धरला आणि मला म्हणाला, "या इकडं. गंमत बघायची?"

गंमत अशी. ब्रेकचा बोल्ट घट्ट आवळून झाला की चांगले कारागीर त्याच्यावरून एक रंगाची रेघ ओढतात, अर्धी बोल्टवर, अर्धी लोखंडावर. बोल्ट जरा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. मामा पिवळा रंग वापरतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. सुट्टीत आलो की त्या डब्यात बोट बुडवून मार खायचो. तर माझ्या गाडीच्या प्रत्येक बोल्टवर मामांची पिवळी रेघ आहे, आणि ती तुटलेली आहे. तिच्या शेजारी दुसरी, अखंड, पांढरी.

मिस्तरी म्हणाला, "एकानं आवळलं, खूण केली. दुसऱ्यानं सगळं उघडलं, पुन्हा आवळलं, स्वतःची खूण केली. एकही सोडलेला नाही."

"दुसऱ्यानं कशाला?"

"पैसे दोनदा लावायला असेल," तो म्हणाला. "मला काय विचारता? मी फक्त रेघा वाचतो."

म्हणजे मामांनी केलेलं पक्कं काम तू त्यांच्यामागे उघडलंस, पुन्हा बंद केलंस, आणि त्या उघडझापीचे नऊ तास नातेवाइकाच्या माथी मारलेस. आणि बापाला कळू नये म्हणून बेकरी. शाबास. मी तुला लहानपणी खांद्यावर बसवून द्राक्षांच्या मळ्यात फिरवलं होतं. आता कळलं, तेव्हा तू माझे खिसे मोजत होतीस.

ग्राहक तक्रार खात्याचा अर्ज भरून टेबलावर ठेवला आहे. ते निरीक्षक पाठवतात, तो गॅरेजच्या मालकाला समोर बसवून विचारतो. ईस्टर होईपर्यंत थांबतो. तोवर समाधानकारक उत्तर आलं नाही तर अर्ज पेटीत पडेल.

लोथार नोस्के

---

रोझनबाख
मंगळवार, २५ मार्च

लोथारदादा,

हे पत्र आठवडाभर लिहून फाडतेय. आता लिहितेच.

पप्पा विसरायला लागलेत. मागच्या हिवाळ्यात सुरू झालं. पास्टरसाहेबांची गाडी दुरुस्त होऊन फाटकापर्यंत गेली आणि चाक डुगडुगायला लागलं. नशीब, फाटकापर्यंतच. मी खाली बसून पाहिलं तर चाकाचे नट बोटांनी फिरत होते. आणि प्रत्येकावर पिवळी रेघ, सरळ, सुंदर, कॅलेंडरवर छापावी अशी.

त्यांचे हात काही विसरलेले नाहीत. आपण कुठपर्यंत आलो, एवढंच ते विसरतात. बोल्ट बोटांनी फिरवून बसवतात. आवळायचा पान्हा घ्यायला वळतात. वळल्यावर बाकावर ब्रश दिसतो. आणि पन्नास वर्षं ब्रश नेहमी शेवटी आला ना, म्हणून ब्रश दिसला की त्यांना वाटतं काम झालं. मग रेघ ओढतात. दर वेळी नाही होत असं. दहात एकदा. पण कुठला बोल्ट दहावा ते कुणी सांगायचं? म्हणून मी सगळेच उघडते.

गुरुवारी संध्याकाळी आणि रविवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये बँडची तालीम असते. पप्पा ट्यूबा, तो मोठा पितळी कर्णा, वाजवतात. हॉल रस्त्यापलीकडेच आहे. त्यांचा तो जाडा आवाज ऐकू येतोय तोवर मी गाडीखाली. थांबला की दिवा बंद, हात पुसायचे, स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसायचं. हल्ली तालीम लांबतेय, तेवढं माझं नशीब.

त्यांना काम करू देऊ नको म्हणशील. कसं? लोक गाडी घेऊन येतात आणि माझ्या तोंडावर म्हणतात, बेनोच्या हातचं हवं. तूही तेच म्हणालास. सोळाव्या वर्षापासून मी त्या गॅरेजात आहे, दादा. पान्ह्यांची पेटी मी धरून होते तुझ्यासमोर, आणि तू म्हणालास, "मुलीचे हात नकोत, ब्रेकचं काम आहे." पप्पांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे हसू आलं ते मी वर्षभर पाहिलं नव्हतं. म्हणून गप्प बसले.

तुझ्या गाडीत उजव्या चाकाचा एक बोल्ट दहावा होता.

आता तू निरीक्षक आणशील. तो पप्पांना गाडीखाली नेऊन दोन रेघांवर बोट ठेवेल आणि विचारेल, ही तुमची, मग ही कुणाची? परवाना त्यांच्या नावावर आहे. परवाना गेला तर जाऊ दे, मी कुठंही नोकरी करीन. पण ते बोट त्यांच्यासमोर पडू देऊ नकोस. तक्रार करायची तर माझ्या नावानं कर. लिही, पोरगी चोर आहे. मी सही करीन.

आणि एवढं ऐक. मी नसताना त्यांना कुठल्याही गाडीला हात लावायला सांगू नकोस. तुझ्या तर नकोच.

रेनाटे

---

ॲडलेड
गुरुवार, २७ मार्च

रेनाटे,

तुझं जाडजूड पाकीट आजच्या टपालानं आलं आहे. उघडलेलं नाही. ईस्टर झाल्यावर उघडीन. खरा हिशेब एका चिठोऱ्यात मावतो. एवढ्या जाड पाकिटात सबबीच असतात.

शिवाय मला आता त्याची गरज उरलेली नाही. कारण आज सकाळी मी स्वतः रोझनबाखला जाऊन आलो! अगोदर कळवलं नाही, कारण तपासणीला जाणारा माणूस कळवून जात नाही. तू सामान आणायला गॉलरला गेली होतीस. योग चांगला होता.

मामा मला पाहून इतके खूश झाले की आधी मला माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारली. मी म्हणालो, "मामा, ब्रेक दाबला की पेडल जरा खोल जातो. तुमच्या हातानं बघा."

ते म्हणाले, "रेनाटे येऊ दे."

मी म्हणालो, "रेनाटे कशाला? मला तुमचे हात हवेत."

"ती येईल इतक्यात. कॉफी घे."

"मामा, तुम्ही मालक की ती?"

तिसऱ्यांदा जेव्हा ते 'रेनाटे येऊ दे' म्हणाले तेव्हा माझ्या लक्षात आलं की तू त्या माणसाला किती दाबून ठेवलं आहेस. स्वतःच्या गॅरेजात पान्हा उचलायला परवानगी लागते त्याला! मी बाह्या सरसावून चाक काढायलाच लागलो, तेव्हा कुठे ते उठले. आणि मग बघायला हवं होतंस. पुढची दोन्ही चाकं उतरवली, काय काय सोडलं, काय काय बसवलं, गुणगुणत होते. पिवळ्या डब्याचं झाकण निघेना म्हणून लाल रंग घेतला आणि एकेका बोल्टवर रेघ ओढली, हात जराही न हलता. चाळीस मिनिटं! पैसे घेतले का? छे. मला वर मेटवुर्स्टचं एक अख्खं सॉसेज कागदात बांधून दिलं.

चाळीस मिनिटं, रेनाटे. हे पुस्तकात लिहून ठेवावं असं आहे.

तुझ्या त्या ॲशट्रेनं मात्र आता नवीन नाटक सुरू केलं आहे. ब्रेक दाबला की टक्, टक् वाजतो. परत येताना वाटभर वाजत होता. गोळ्या काढून ठेवल्या तरी वाजतो.

उद्या गुड फ्रायडे. सकाळी वर डोंगरात स्टर्लिंगला, लेकीकडे, ओटिलीकडे. दुपारी तिची दोन्ही पोरं घेऊन डोंगर उतरून ग्लेनेल्गला, समुद्रावर. उतारावर नव्या डिस्क ब्रेकची खरी परीक्षा होईल. मामांचे ब्रेक! निकाल सवडीनं कळवीन, अर्जासोबत.

लोथार

---

(वाणसामानाच्या पिशवीच्या कागदावर, पेन्सिलीनं)

तुझं घर
शुक्रवार, सकाळ

दादा, दार वाजवून हात दुखले. गाडी जागेवर नाही. शेजारच्या बाई म्हणतात तू स्टर्लिंगला गेलास.

काल मी रात्री उशिरा परत आले. आज पहाटे गॅरेजात गेले तर बाकावर लाल डबा उघडा, आणि शेजारी ब्रेकचा एक बोल्ट. पप्पांना विचारलं कोण आलं होतं. म्हणाले, "नोस्के आला होता, हिरवी गाडी घेऊन." तुझ्या वडिलांना जाऊन पंधरा वर्षं झाली, म्हणून आधी वाटलं काहीतरी जुनं बोलतायत. मग सॉसेज मोजली, एक कमी.

तुझा फोन बंद. पोस्ट बंद, तार जात नाही. ओटिलीचा नंबर माझ्याकडे नाही, नवऱ्याचं आडनावही आठवेना.

मी स्टर्लिंगला निघाले. हिरवी गाडी दिसेपर्यंत गल्ल्या पालथ्या घालीन. चुकामूक झाली आणि हे तू आधी वाचलंस तर गाडीला हात लावू नकोस. ब्रेक दाबला की टक् आवाज येत असेल तर उरलेला बोल्टही सैल आहे.

र.

---

ॲडलेड
बुधवार, २ एप्रिल

प्रिय रेनाटे,

ओटिलीच्या दारात आपलं जे बोलणं झालं त्याची तू रोझनबाखमध्ये वेगळी आवृत्ती काढशील, म्हणून मी माझी लिहून ठेवतो.

मी बाहेर आलो तेव्हा दोन्ही नातवंडं बादल्या-फावडी घेऊन मागच्या सीटवर बसलेली होती आणि गाडीखालून दोन बूट बाहेर आलेले होते. मी ओरडलो, "ए! गाडीखाली कोण आहे?"

"मी."

"मी कोण?"

"जिचे हात तुला नको होते ती. पोरांना उतरव."

"अगं पण..."

"आधी पोरांना उतरव, मग भांड."

पोरं उतरली. तू जॅक लावलास, चाक काढलंस. मग तू मला खाली बसायला लावलंस, माझ्या ईस्टरच्या पँटमध्ये, आणि म्हणालीस, "हा बोल्ट फिरव."

"पान्हा दे."

"बोटांनी."

तो दोन बोटांनी फिरला. त्याच्यावर मामांची लाल रेघ होती, सरळ, सुबक. त्याच्या खालचं भोक रिकामं होतं. डिस्कला चिमटीत धरणारा तो अख्खा लोखंडी ठोकळा, माझे ब्रेक म्हणजे तोच ना, या एका बोटांनी फिरणाऱ्या बोल्टवर लटकत होता, आणि मी त्याला शंभर किलोमीटर 'ॲशट्रे' म्हणत आलो होतो. तू रुमालाची गाठ सोडून दुसरा बोल्ट काढलास. म्हणालीस, "हा आमच्या बाकावर राहिला होता."

मी म्हणालो, "चढताना काही झालं नाही."

तू म्हणालीस, "चढताना ब्रेक कोण दाबतं?"

इथपर्यंत आपल्या आवृत्त्या जुळत असतील. यानंतर मी 'आभारी आहे' म्हणालो असं माझं म्हणणं आहे. ओटिली म्हणते मी काही म्हणालो नाही, फक्त पोरांच्या बादल्या उचलून कितीतरी वेळ हातात धरून उभा होतो. तू तोवर पांढरी रेघ ओढून, चहाही न घेता निघून गेली होतीस.

घरी आलो. दाराखालची चिठ्ठी वाचली. मग पाकीट उघडलं. ते गुरुवारपासून माझ्या टेबलावर होतं, अर्जाच्या शेजारी.

अर्ज फाडला. त्याला फार वेळ लागला नाही. सोबत तीनशे छत्तीसचा चेक आहे, म्हणजे एकतीस तास पुरे. हातांच्या बाबतीत मी जे बोललो होतो ते मी परत घेतो, पण बोललेलं परत घ्यायचं म्हणजे नक्की काय करायचं असतं ते मला नीट माहीत नाही. मला सवय नाही.

मामांना काय सांगितलंस?

तुझा,
लोथारदादा

---

रोझनबाख
गुरुवार, १० एप्रिल

लोथारदादा,

तू आभार मानले नव्हतेस. ओटिलीचं बरोबर आहे.

चेक मिळाला. त्यातले पाच तासांचे एकशे वीस मी ठेवले, दोनशे सोळाचा माझा चेक परत पाठवतेय. वाद घालू नकोस, आधी वाच.

तू विचारत होतास ना, त्या नऊ तासांची मजुरी रास्त होती का? नव्हती. पप्पांमागे मी सगळ्यांच्याच गाड्या उघडते, मागच्या हिवाळ्यापासून. पास्टरसाहेबांची, फ्राऊ लिप्केची पाव पोचवायची गाडी, सगळ्यांच्या. एकाकडूनही त्याचा एक सेंट घेतला नाही. ते तास माझ्या बापाचे आहेत, गिऱ्हाइकाचे नव्हेत. फक्त तुझ्या बिलात टाकले. कारण तू म्हणालास मुलीचे हात नकोत, आणि मग त्याच मुलीच्या हातांना तुझ्या गाडीखाली नऊ तास घालावे लागले. तो माझा राग होता, ताशी चोवीसनं. बिल लिहिताना फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण रागाचे पैसे घ्यायचे नसतात, निदान नातेवाइकाकडून. म्हणून परत.

पप्पांना मी काहीच सांगितलं नाही. सांगायचं कसं याचा चार दिवस विचार करत होते. सोमवारी सामानाची यादी करत बसले होते. ते वर्तमानपत्र वाचत होते. वर न बघता म्हणाले, "पांढरा डबा तळाला गेलाय. नवा आण."

मी पांढरा डबा पोत्यांच्या मागं ठेवते, दादा. त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून.

मी म्हणाले, "किती आणू?"

"मोठा आण. छोट्यानं काय होतंय?" आणि पान उलटलं.

 मी यादीत लिहिलं, पांढरा, मोठा.

दुसऱ्या दिवशी बेकरीत बँडमास्तर भेटले. मी म्हणाले, हल्ली तुमची तालीम फार लांबते. ते म्हणाले, "तालीम? साडेआठला संपते, नेहमीसारखी. आम्ही सगळे घरी जातो. तुझा बाप नंतर एकटा बसून वाजवत राहतो. धड गाणंही नसतं, एकच सूर. मी किल्ली त्यालाच देऊन टाकलीय."

मी पाव तिथंच विसरून घरी आले.

आज सकाळी मी त्यांच्यासमोर, भर दिवसा, पांढरा डबा बाकावर ठेवला. पिवळ्याच्या शेजारी. त्यांनी एकदा पाहिलं आणि बोल्ट बसवायला लागले. बसवून झाल्यावर बाजूला सरकले, जरासेच, पान्ह्याला जागा होईल इतके. मी आवळला. मग त्यांनी पिवळी रेघ ओढली आणि पांढऱ्या डब्याचा ब्रश माझ्याकडं केला. मी शेजारी पांढरी ओढली. दुपारपर्यंत असंच चाललं. बिलात तास एकाचेच लावले. दोघांचे हात आणि एकाचे तास, तुझ्या पुस्तकात याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. जुलैपासून परवाना माझ्या नावावर करायचा असं तेच म्हणाले. म्हणाले, "कागदपत्रं मला वाचवत नाहीत हल्ली." जेवताना मात्र टपाल मोठ्यानं वाचलं, वीजबिलासकट.

आजही तिघं येऊन 'बेनोच्या हातचं' म्हणाले. पप्पा म्हणाले, "माझे हात ते हिचेच," आणि आत गेले. दोघांनी गाडी परत नेली. नेऊ देत.

तुला काही करायचंच असेल तर एक कर. आज संध्याकाळी तालमीला निघताना पप्पा म्हणाले, नोस्केच्या पोराचा ॲशट्रे राहिलाय. कुठून कळलं कुणास ठाऊक. तूच त्या दिवशी रडगाणं गायलं असशील. ते काम ते एकटे करू शकतात. त्यातून कुणी मरत नाही. घेऊन ये.

रेनाटे

---

ॲडलेड
मंगळवार, २२ एप्रिल

प्रिय रेनाटे,

ॲशट्रे बंद होतो.

शनिवारी तू पलीकडे कुणाच्या तरी ट्रकखाली होतीस, म्हणून तुला सगळं दिसलं नसेल. मामांनी आधी ॲशट्रे काढला, मग त्याच्याभोवतीची पट्टी, मग अर्धा डॅशबोर्ड. स्क्रू एका बशीत ओळीनं लावून ठेवले. मधे दोनदा मला माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारली. दुसऱ्यांदा मी 'ओ' दिली. दुपार व्हायच्या बेताला त्यांनी बिजागरीतून चिमट्यानं एक वितळून घट्ट बसलेली पेपरमिंट काढली, उजेडात धरली आणि म्हणाले, "हे आमचं काम नव्हे."

"नाही मामा," मी म्हणालो. "हे माझं."

"दात खराब होतील," ते म्हणाले, आणि ती स्वतः खाल्ली.

तीन तास लागले. तू बिल दिलं नाहीस, म्हणून तीन तासांचे बहात्तर डॉलर सोबत पाठवतो. पुस्तकात ॲशट्रेला किती वेळ दिला आहे ते मी पाहिलं नाही. शेजाऱ्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली तेव्हा मी कुंपणावरून म्हणालो, नको.

परतीच्या वाटेवर गाडी एका ठिकाणी थांबवून मी उजव्या चाकाशी वाकलो. पिवळी तुटलेली, जुनी पांढरी तुटलेली, लाल तुटलेली, नवी पांढरी अखंड. मागून येणारा एकजण थांबून म्हणाला, "काही हरवलं का, काका?" मी म्हणालो, "नाही, आहे."

बाकी विशेष काही नाही. एक किरकोळ गोष्ट राहिली. तू बंद दारासमोर उभी राहून दार वाजवत होतीस ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, आणि मी तर तेव्हा तिथं नव्हतोही. काल टेलिफोनवाल्यांच्या कचेरीत गेलो. रांगेत उभा राहिलो. खिडकीवरच्या मुलीनं जुनी फाईल काढली, मला ओळखलं आणि भांडणाच्या तयारीनं सरसावून बसली. मी चार डॉलर दहा सेंट सुटे मोजून तिच्यासमोर ठेवले.

ती म्हणाली, "पोर्ट लिंकनच्या त्या कॉलचं काय? तुम्ही केलाच नव्हता ना?"

मी म्हणालो, "असू दे."

तिनं विचारलं, पावती हवी का. नको म्हणालो. नंबर तोच आहे. आज दुपारपासून वाजतो.

तुझा,
लोथारदादा